कनिष्ठिकाघात आणि किरकोळ रजा : एक प्रमाणमीमांसा

मोठ्या दुखापतीला शास्त्र लागत नाही. मांडीचं हाड मोडलेला माणूस रजेचा अर्ज स्वतः लिहीतसुद्धा नाही. मेव्हणा लिहितो, साहेब न वाचता सही करतात आणि संध्याकाळी शहाळं घेऊन दवाखान्यात येतात. शास्त्राची गरज पडते ती किरकोळ दुखापतीला. पहाटे पाणी प्यायला उठलेल्या गृहस्थाच्या डाव्या पायाची करंगळी अंधारात पलंगाच्या पायावर आपटते, त्याला ब्रह्मांड आठवतं, आणि नऊ वाजता प्रश्न उभा राहतो : ऑफिसला काय कळवायचं? दुखापत जितकी लहान तितका पुरावा मोठा, हा या विषयातला मूळ सिद्धांत. त्यावर स्वतंत्र प्रबंध पाहण्यात नाही, म्हणून हा प्रपंच.

आधी विषयाची हद्द. विळीवर कापलेलं बोट इथे घेतलेलं नाही, कारण त्यावरची पट्टी टेबलाच्या वर राहते आणि समोरच्याला दिसते. इस्त्रीचा चटकाही वगळला आहे. त्याला सहानुभूती लगेच मिळते आणि लगेच संपते. कमरेत भरलेली उसण हा निव्वळ श्रद्धेचा विषय असल्याने ती अध्यात्माच्या अभ्यासकांकडे सोपवावी. ताप आणि घसा यांना दुखापत म्हणता येत नाही, शिवाय त्यांची मोठी सोय अशी की ते फोनवर ऐकू येतात. ‘सर, आज जरा...’ एवढं घोगऱ्या आवाजात म्हटलं की पलीकडून ‘आराम करा’ येतं. करंगळी ठणकणाऱ्या माणसाचा आवाज मात्र खणखणीत असतो. काहीजण अशा वेळी खोकून घेतात. हे अशास्त्रीय आहे. खोकल्याने करंगळी सिद्ध होत नाही.

शरीरातल्या २०६ हाडांपैकी ५२ दोन पावलांत आहेत. म्हणजे हाडांच्या हिशेबाने चौथा हिस्सा माणूस घोट्याखाली राहतो. तरी पायाच्या करंगळीला कधी मान मिळाला नाही. निसर्गानेच तिच्या बाबतीत हात आखडता घेतला : अंगठा सोडून बाकीच्या बोटांना तीन-तीन हाडं दिली, पण अनेकांच्या करंगळीत दोनावरच भागवलं. कायदा त्याच्याही पुढे गेला. कामगारांच्या नुकसानभरपाईसाठी १९२३ साली जो कायदा झाला, त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव गेला असता कमाईची क्षमता किती घटते याचा तक्ता होता. हाताचा अंगठा ३० टक्के, तर्जनी १४, हाताची करंगळी ७. पायाचा अंगठा १४. पायाचं दुसरं कुठलंही एक बोट मुळापासून गेलं तर ३ टक्के, आणि थोड्या हाडासकट अर्धवट गेलं तर १. आता जी समूळ नाहीशी झाली तरी माणूस ९७ टक्के शिल्लक राहतो, ती नुसती सुजल्याने तो किती कमी होतो? इथे तक्ता मौन पाळतो. त्याच कायद्यात असंही होतं की, तीन दिवसांपेक्षा जास्त न टिकणाऱ्या असमर्थतेबद्दल मालकाने भरपाई द्यायची नाही. १९४८च्या राज्य विमा कायद्यातही अपघाताचा दिवस सोडून निदान तीन दिवस माणूस निकामी राहिला, तरच तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ मिळत असे. सरकारचा माणसावरचा संशय तीन दिवस टिकतो, असा याचा अर्थ लावता येईल. ऑफिसातला संशय जास्त चिवट असतो. (पलंग हे कामाचं ठिकाण नसल्याने या तरतुदींचा आपल्या रुग्णाला तसाही काडीचा उपयोग नाही.)

पुराणांत मात्र पायाच्या दुखापतीची वट मोठी आहे. जरा नावाच्या व्याधाचा बाण श्रीकृष्णाला लागला तो पायातच, आणि अवतार तिथे संपला. उलट अश्वत्थाम्याची जखम थेट कपाळावरची. तो अजून नर्मदेच्या काठाने तेल मागत हिंडतो अशी श्रद्धा आहे. हजेरीपटाच्या दृष्टीने पाहिलं तर तो कामावर आहे. कपाळाला लागलेला हिंडत राहतो आणि पायाला लागलेल्याचा अवतार आटोपतो, हा दाखला आस्थापना शाखेपुढे अजून कुणी ठेवलेला दिसत नाही.

आता मुख्य विषय. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गौतमांनी ती मोक्षासाठी सांगितली. रजेलाही तीच लागतात.

प्रत्यक्षाची अडचण अशी की करंगळी बुटात असते. ती दाखवायची तर बूट काढा, मोजा काढा, पाऊल टेबलाच्या पातळीला आणा. आणि एवढी कसरत ज्याला जमली त्याला रजा कशाला हवी, असं कुणीही म्हणेल. म्हणून हल्ली फोटो पाठवतात. त्यात करंगळी इतर बोटांपेक्षा लहान दिसते, कारण ती तशीच असते. चांगल्या उजेडात काढलेल्या फोटोत नखं वाढलेली आहेत हेही दिसतं आणि चर्चा तिकडे वळते. शिवाय हा पुरावा नाशवंत. मुका मार आधी लाल, मग काळानिळा, मग हिरवट आणि शेवटी पिवळा होतो, कारण साकळलेल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं आधी बिलिव्हर्डिन आणि नंतर बिलिरुबिन होतं. पहिल्या काही तासांत मात्र रंगाचा फारसा पत्ता नसतो, आणि ऑफिसला कळवायचं असतं नेमकं त्याच तासांत. असो. ग्रुपवर फोटो टाकला की चार अंगठे येतात, दोन जोडलेले हात येतात, साहेबांचं ‘काळजी घ्या’ येतं. पाठोपाठ येतं, ‘पुरवणी मागणीची फाईल कुठल्या कपाटात?’

प्रत्यक्ष फसलं की अनुमान. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे, हे न्यायातलं जुनं उदाहरण. त्याच चालीवर : हा लिपिक जखमी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तो लंगडतो, हा हेतू. जो जो लंगडतो तो तो जखमी, जसे गेल्या पावसाळ्यातले लेखापाल, हे उदाहरण. हाही तसाच लंगडतो, हा उपनय. म्हणून हा जखमी आहे, हे निगमन. यावर आस्थापनेचा आक्षेप असा की हेतू व्यभिचारी आहे. नव्या कोल्हापुरी चपला चावल्या तरी माणूस लंगडतो आणि त्याला कुणी रजा देत नाही. आक्षेप बिनतोड आहे. त्यामुळे लंगडण्याचा दर्जा राखण्याची जबाबदारी सर्वस्वी रुग्णावर येते. दुपारनंतर पाय बदलू नये, हा पहिला नियम. तो भल्याभल्यांकडून मोडतो. दुसरा जास्त सूक्ष्म. लंगडणं रोज थोडं थोडं उतरवत न्यावं लागतं. रजेवरून आल्या दिवशी जो ताठ चालतो, त्याची रजा पूर्वलक्षी प्रभावाने खोटी ठरते. जो दहा दिवसांनीही तेवढाच लंगडतो, त्याला ‘एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवा’ म्हणतात. खरोखर बरा झालेला सज्जन माणूस म्हणूनच दोन दिवस निव्वळ सौजन्यापोटी लंगडतो. चहाच्या टपरीकडे जाताना आणि साहेबांच्या केबिनकडे जाताना या लंगडण्यात जो फरक पडतो, त्याची मीमांसा शरीरशास्त्रात सापडत नाही.

उपमान म्हणजे साम्यावरून होणारं ज्ञान. मराठी ऑफिसात ते मागावं लागत नाही. ‘माझ्या साडूचं अगदी असंच झालं होतं.’ प्रत्येक दुखापतीमागे कुणाचा तरी एक साडू असतो. त्याचंही सुरुवातीला साधंच वाटलं होतं, मग काळं पडलं, मग ठणका लागला, मग तपासण्या झाल्या आणि शुगर निघाली. ‘तुम्ही शुगर बघितलीत का?’ हे वाक्य पलंगापेक्षा जोरात लागतं. रजा मागायला गेलेला माणूस पुढच्या पाच मिनिटांत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची अशा दोन तपासण्या कबूल करून येतो.

साडूपाठोपाठ उपचार सुचवले जातात, आणि त्यांत दोन संप्रदाय आढळतात. शेकवादी मिठाच्या गरम पाण्यात पाय बुडवायला आणि वर आंबेहळद-रक्तचंदनाचा लेप लावायला सांगतात. बर्फवाद्यांचं पीठ अमेरिकेत आहे. गेब मिर्किन या डॉक्टरांनी १९७८ साली खेळाडूंच्या दुखापतींवरच्या पुस्तकात विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं अशी चतुःसूत्री मांडली, आणि ती जगभर पाठ झाली. पुढे २०१४ मध्ये खुद्द मिर्किन यांनीच लिहिलं की बर्फ आणि संपूर्ण विश्रांती या दोन्हींनी बरं व्हायला उलट उशीर लागू शकतो. यातला बर्फाचा भाग शेकवाद्यांना फार आवडतो. विश्रांतीचा भाग कार्यालय अधीक्षकांपर्यंत जाऊ नये, अशी वाचकांना नम्र विनंती.

राहिलं शब्दप्रमाण. आप्ताचं वचन ते शब्दप्रमाण, आणि रजेच्या शास्त्रात आप्त म्हणजे नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक. तो एक्स-रे काढायला सांगतो. हाड मोडलेलं निघालं, पण जागचं हललेलं नसलं, तर इलाज काय? करंगळी शेजारच्या बोटाला चिकटपट्टीने बांधायची. मोडलेलं नसलं तर? बहुधा तेच. म्हणजे एक्स-रेचा पायाला उपयोग जेमतेम, ऑफिसला पुष्कळ. ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली की अख्खी शाखा भोवती जमते. ‘ही बघा, इथे रेघ दिसतेय’ असं जो ठामपणे सांगतो, तो सांध्यावर बोट ठेवून उभा असतो.

पण दाखला मिळाला म्हणून तो वापरावाच असं नाही. इथे अर्थशास्त्र आडवं येतं. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांप्रमाणे दाखल्यावर परिवर्तित रजा घेतली तर अर्धवेतनी रजेच्या खात्यातून दुप्पट दिवस जातात. तीन दिवसांच्या करंगळीला सहा दिवस मोजायचे, आणि वर रुजू होताना तंदुरुस्तीचा दाखला. ज्यांनी आजारी ठरवलं त्यांच्याकडूनच बरं झाल्याचंही लिहून आणायचं. धोरणी मंडळी दोन्ही कागद एकाच फेरीत आणतात. त्यापेक्षा वर्षाच्या आठ किरकोळ रजा बऱ्या. त्यांना दाखला लागत नाही. त्यांची आणखी एक खुबी अशी की, नियमांच्या लेखी किरकोळ रजा ही रजाच नव्हे; ती घेणारा कामावर आहे असं धरलं जातं. उशीवर पाय ठेवून छताकडे बघत पडलेला गृहस्थ त्या दिवशी शासनाच्या मते कर्तव्यावर असतो.

वारही पाहावा लागतो. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य सरकारी कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला, तेव्हापासून सोमवार आणि शुक्रवारच्या करंगळीची पत घसरली आहे. बुधवारची सगळ्यांत निर्मळ. भाद्रपदात कोकणातल्या माणसाने तर पलंगाला वळसा घालूनच जावं. चतुर्थीच्या आदल्या दिवशी खरोखर पाय मोडला तरी तो मखराच्या खात्यात जमा होतो. हिंजवडीकडच्या कंपन्यांत घरून काम करण्याची सोय आली आणि तिथे करंगळीचा प्रश्नच निकालात निघाला. ‘तू कोडिंग पायाने करतोस का?’ या प्रश्नापुढे चारही प्रमाणं हात टेकतात.

एक प्रकरण उरतं, कारणाच्या प्रतवारीचं. ‘पलंगाला लागलं’ म्हटलं की समोरचा ‘एवढंच?’ म्हणतो, आणि हे ‘एवढंच’ चार टेबलांवर ऐकल्यावर माणसाचा तोल जातो. पाचव्या टेबलापाशी पलंगाचा जिना होतो. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेव्हर ब्लॉकवर घसरलेली स्कूटर. स्कूटर हे कारण दर्जेदार खरं, पण त्याची वंशावळ विचारली जाते : कुठे, कुणी कट मारला, हेल्मेट होतं का, विमा चालू आहे का. वर मंडळी विचारपूस करायला घरी येतात, मोसंबी घेऊन. दार पत्नी उघडते. ‘कुठली स्कूटर?’ हा तिचा प्रश्न पूर्णपणे निरागस असतो. पलंगाशी एकनिष्ठ राहणारे फार थोडे, आणि त्यांच्या वाट्याला मोसंबी येत नाहीत.

चारही प्रमाणं जमवून झाल्यावर शेवटी अर्जात काय लिहिलं जातं? ‘विषय : किरकोळ रजा मिळणेबाबत. महोदय, मला घरगुती कारणास्तव आज कार्यालयात उपस्थित राहता येत नाही, तरी रजा मंजूर व्हावी ही विनंती.’ करंगळीचं नाव नाही, रंग नाही, साडू नाही. पलंग घरचाच असल्याने तांत्रिकदृष्ट्या यात खोटंही काही नाही. अर्ज मंजूर होतो, खात्यावर आठाचे सात उरतात, आणि दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ डाव्या पायाने लंगडत शाखेत शिरतो. घरगुती कारण आणि लंगडणं, हे दोन हेतू आता शाखेच्या हाती असतात. त्यावरून ती जे निगमन काढते, त्यात पलंगाचा कुठेही संबंध येत नाही. पुढचे आठ दिवस सगळे त्याच्याशी फार मायेने बोलतात आणि वहिनी कशा आहेत, एवढंच काय ते विचारत नाहीत.