रा. रा. मोह यांस, बागेतल्या जागेबाबत

मु. कोका अभयारण्याची कड, जि. भंडारा

स. न. वि. वि.

शहराच्या बागेत आपल्याला जागा द्यावी, अशी काही वृक्षप्रेमींची मागणी कानावर आली. आपण स्वतः अर्ज केलेला नाही, हे मान्य. तरी एक सुजाण करदाता म्हणून आधीच कळवतो: येऊ नका.

आमचा मुलूख झाडीपट्टी. बोली झाडीबोली, नाटकंही झाडीपट्टीचीच. नावात एवढी झाडी असताना बागेत आणखी कशाला? बागेत फरसबंदीचे गट्टू असावेत, सेल्फी पॉइंट असावा आणि रांगेत बाटली पाम. पामला सावली नाही, म्हणून त्याच्याखाली कुणी रेंगाळत नाही आणि गट्टू स्वच्छ राहतात.

आपलं तसं नाही. मार्च-एप्रिलात रात्रभर टपटप फुलं गाळणार, आणि उजाडायच्या आत बाया टोपल्या घेऊन हजर! आमच्याकडे ‘फुले तोडू नयेत’ अशी पाटी आहे. ‘वेचू नयेत’ अशी नवी रंगवायची, तर तिचं टेंडर काढावं लागेल.

शिवाय आपण एकटे थोडेच येणार? मागोमाग तेंदू येईल, की विडीपत्त्यासाठी मे महिन्यात गर्दी. ऐन आला, की ढिवर मंडळी त्याच्यावर कोसा रेशमाच्या अळ्या सोडणार. बागेत अळ्या! पळसाचं तर बोलूच नका. पानं टाकून नुसता लाल होऊन बसतो, झाडलोट कुणी करायची? त्यापेक्षा गुलमोहर बरा. वादळात गाडीवर फांदी टाकतो खरा, पण मादागास्करचा पाहुणा, त्याला कोण बोलणार?

कायद्याचीही भीती आहे. १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. आता पन्नाशी गाठलेलं झाड हेरिटेज ठरतं, आणि झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. आपण पडलात दीर्घायुषी. उद्या साठीत रस्ता रुंदीकरणाच्या आड आलात, तर साठ रोपं कुठे लावायची? बागेत तर गट्टू आहेत.

वन्यजीवांची सोयही आम्ही केली आहे. नागझिऱ्यात जन्मलेला जय वाघ २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात आला. गळ्यात रेडिओ कॉलर असूनही एप्रिल २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही. बागेतला सिमेंटचा वाघ मात्र रोज जागेवर सापडतो. शेपटीचा गिलावा उडून आतली सळई दिसते, रंगवताना मिश्या जरा वर गेल्या आहेत. पण पोरं पाठीवर बसली तरी हूं की चूं करत नाही.

आपली आठवण म्हणून दारात फायबरचा मोह उभारण्याचा विचार करता येईल. आत दिवे बसवता येतात, आणि फुलं गळत नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सुजाण करदाता

ता. क. मे महिन्यात दुपारी बागेत पाय ठेववत नाही, गट्टू फार तापतात. एखाद्या रविवारी डबा घेऊन सहकुटुंब आपल्याकडे येऊ म्हणतो. सावलीत चार जणांची जागा राखून ठेवावी.