तहकूब प्रकरण

तलाठी सेवानिवृत्त झाला म्हणजे त्याचे दफ्तर रीतसर यादीनिशी पुढच्या इसमाच्या हवाली होते. त्याचा दफ्तरी स्वभाव मात्र कोणी ताब्यात घेत नाही, आणि मग तो घरातल्या वस्तूंवरच अंमल गाजवू लागतो. ऊस आणि वारणेचे पाणी यांनी सुखवस्तू झालेल्या कोडोलीसारख्या गावात या जातीचे एखादे तरी भाऊसाहेब आढळतातच. (तलाठ्याला भाऊसाहेब म्हणण्याचा रिवाज आहे, आणि नोकरी संपली तरी गाव ही पदवी परत मागत नाही.) अशाच एका भाऊसाहेबांच्या सोप्यात, भल्यामोठ्या टीव्हीच्या शेजारी, केवळ चित्रपट पाहण्यासाठी जोडून घेतलेला एक चिमुकला संगणक असून, त्यातील ग्राफिक्स कार्ड बदलावे किंवा कसे, हे प्रकरण कित्येक गळीत हंगाम त्यांच्यापुढे सुनावणीस आहे.

प्रकरणाचे मूळ पुतण्याच्या लग्नात आहे. त्या मंगल प्रसंगाचे चित्रण फोर-के कॅमेऱ्याने झाले, आणि एचईव्हीसी नावाच्या पद्धतीने आवळून ते पेनड्राइव्हमधून भाऊसाहेबांकडे रुजू झाले. संगणकातले जीटी ७१० हे २०१६ सालचे कार्ड. ती गाठ सोडवण्याची विद्या त्याला अवगत नसल्यामुळे सारा भार प्रोसेसरवर पडतो, आणि परिणामी सनई पुढे निघून जाते, नवरदेव मागे राहतो, आणि अक्षता टाकण्यासाठी उचललेले वऱ्हाडाचे हात आशीर्वादाच्या मुद्रेत अंतराळीच खिळून राहतात. शिवाय हे कार्ड ३८४० गुणिले २१६० ठिपक्यांचे चित्र टीव्हीकडे सेकंदाला ३० वेळांहून अधिक पाठवू शकत नाही, हेही तहकिकातीत निष्पन्न झाले.

सामान्य माणूस अशा वेळी कोल्हापूरला जाऊन दुसरे कार्ड घेऊन आला असता. भाऊसाहेबांनी फाईल उघडली. तीत पुतण्याचा तोंडी अर्ज लेखी करून घेऊन जोडला, दुकानदारांची दरपत्रके टाचली, आणि संगणकाचे झाकण काढून जागेवर पंचनामा केला: चतुःसीमा येणेप्रमाणे, उत्तरेस पंखा, दक्षिणेस वीजपुरवठ्याची पेटी, पूर्वेस हार्ड डिस्क, पश्चिमेस पत्रा. या क्षेत्रात सुखाने नांदेल असा उमेदवार म्हणजे २०१७ सालचे जीटी १०३०. त्याची कमाल भूक अवघी ३० वॅटची, एचईव्हीसीची गाठ ते लीलया सोडवते, आणि त्याची अर्ध्या उंचीची आवृत्तीही मिळते. प्रकरण इथेच निकाली निघायचे. परंतु २०१८ साली एव्ही-१ नावाची आणखी एक पद्धत अवतरली आहे आणि ती या कार्डास उमगत नाही, असे भाच्याने कळवले. ती जाणणारे इंटेलचे आर्क ए-३८० हे २०२२ सालचे कार्ड ७५ वॅटच्या घरात वीज मागते आणि जागाही अधिक मागते, सबब अतिक्रमणाचा मुद्दा उपस्थित झाला. फेरफाराच्या नोंदीला हरकत घ्यायला पंधरा दिवसांची मुदत असते. येथे ती संपतच नाही, कारण अर्ज ऐकणारा, हरकत घेणारा आणि मुदत वाढवून देणारा एकच. उसाच्या बिलाचा हप्ता जमा झाला म्हणजे प्रकरणास तरतरी येते, आणि तो हप्ता खते-औषधांत जिरला म्हणजे ते पुनश्च तहकूब होते.

गंमत अशी, की भाऊसाहेब स्वतः रोज पाहतात ते जुने कृष्णधवल चित्रपट. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात निघाली आणि तिचा ‘अयोध्येचा राजा’ १९३२ साली पडद्यावर आला, हे ते अशा ममत्वाने सांगतात, की जणू कंपनीचा जमीनमहसूल यांनीच वसूल केला असावा. त्या चित्रांची प्रत जितकी अंधुक, तितकीच अंधुक ती जगातल्या महागड्या कार्डानेही दिसणार. हे जुने कार्ड तिच्यावरील एकूण एक ओरखडा इमानाने दाखवते. परदेशी यंत्रावर विसंबून न राहता कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवणाऱ्या बाबूराव पेंटरांचे नाव घेताना भाऊसाहेब कानाच्या पाळीला बोट लावतात. तो कॅमेरा घडवण्याचे काम भाऊसाहेबांकडे असते, तर १९२० सालच्या ‘सैरंध्री’ला आजतागायत भिंगाच्या दरपत्रकांची वाट पाहावी लागली असती, हे मी मनातच ठेवतो. जीटी १०३० घेऊन मोकळे व्हावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तेही मी मनातच ठेवतो, कारण मग माझ्या चहाचे आणि त्यांच्या संध्याकाळचे निमित्त काय उरणार?

गेल्या दिवाळीत मात्र वहिनींनी या कामी परस्पर हस्तक्षेप केला. फराळाचे ताट ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, “अवं, टीव्हीच्याच मागं भोक हाय की! हितं लावून बघा तरी.” आणि उत्तराची वाट न पाहता त्यांनी पेनड्राइव्ह संगणकातून उपटून टीव्हीत खोचला. अंतरपाट अलगद दूर झाला, अक्षता तांदळाच्या दाण्यादाण्यासह खाली आल्या, नवरदेव सनईबरोबर चालू लागला. भाऊसाहेबांनी संपूर्ण विवाह, पंगत आणि पाठवणीसुद्धा, अवाक्षर न काढता पाहिला. मग चष्मा पुसून त्यांनी फाईल मागवली आणि टिपणीखाली सावकाश लिहिले: सदर पुरावा संगणकामार्फत दाखल झालेला नसल्याने तूर्त ग्राह्य धरता येत नाही, टीव्हीस पक्षकार करून घ्यावे व पुढील तारीख नेमावी.