खिळा सरकारी, क्रूस निवडणुकीचा

मार्कुस झ्योडर जर्मनीतल्या बव्हेरिया राज्याच्या मुख्यमंत्रिपदावर बसून जेमतेम सव्वा महिना झाला होता. 24 एप्रिल 2018 ला त्यांनी मंत्रिमंडळाकडून एक फतवा मंजूर करून घेतला : 1 जूनपासून राज्य सरकारच्या प्रत्येक कार्यालयात, शिरल्या शिरल्या नजरेत भरेल असा क्रूस हवा. त्याच दिवशी आपल्या कार्यालयाच्या प्रवेशदालनात त्यांनी स्वहस्ते एक टांगलाही. फोटोवाले अर्थातच हजर होते. ऑक्टोबरात निवडणूक होती, हे सांगायलाच हवं का?

क्रूस कशासाठी, तर बव्हेरियाच्या ऐतिहासिक आणि सांस्कृतिक जडणघडणीची खूण म्हणून. हे कुठल्या धर्माचं चिन्ह नव्हेच, असंही साहेब त्या भरात बोलून गेले. मग सारवासारव झाली. पण खरं काय ते तोंडून निसटलं होतं.

आता गंमत बघा. विरोधाला उभं राहिलं कोण? म्युनिकचे आर्चबिशप, कार्डिनल राइनहार्ड मार्क्स. (आडनावावर जाऊ नका.) क्रूसाचा अर्थ काय हे ठरवणं सरकारचं काम नव्हे, आणि त्याला नुसती संस्कृतीची खूण मानणाऱ्याला तो कळलेलाच नाही, अशी त्यांनी हजेरी घेतली. भटजी हात जोडून ‘नको’ म्हणताहेत आणि यजमान पूजा रेटतोय, असा तो प्रकार.

पूजा फळाला आली नाही. 2013 ला 47.7 टक्के मतं घेणारा झ्योडर यांचा पक्ष, ख्रिश्चन सोशल युनियन, 37.2 वर आला. 1950 नंतरची तोवरची सर्वांत वाईट कामगिरी. क्रूस नवसाला पावत नाही म्हटल्यावर तो उतरवला मात्र नाही. लावणं सोपं असतं. उतरवायला गेलं की तुम्ही धर्मद्रोही.

दारातल्या क्रूसाची आणखी एक गंमत आहे. चर्च सोडायचं तर जर्मन माणूस पाद्रीबाबांकडे जात नाही. बव्हेरियात तो जन्म-मृत्यू-विवाह नोंदणीच्या खिडकीवर जातो, फी भरतो, सही करतो, संपलं. सभासद राहिलं तर तिथे प्राप्तिकराच्या 8 टक्के इतका चर्च-कर वर द्यावा लागतो. 2022 या एका वर्षात जर्मनीतल्या 5 लाखांहून अधिक कॅथलिकांनी असा रामराम ठोकला. बव्हेरियातली ही नोंदणी कार्यालयं पालिकांची, आणि पालिकांना फतवा नव्हता, नुसती शिफारस होती. पण जिथे ती मनावर घेतली असेल, तिथे राजीनामा द्यायला आलेल्याचं स्वागत दारात क्रूसच करणार.

‘धर्म नव्हे, संस्कृती’ ही पळवाट आपल्याला अनोळखी नाही. 1995 ला जर्मनीच्या घटना न्यायालयाने बव्हेरियातल्या शाळांत वर्गावर्गात क्रूस लावण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवली. त्याच वर्षी डिसेंबरात, विलेपार्ल्याच्या 1987 च्या पोटनिवडणुकीच्या खटल्यात, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदुत्व म्हणजे जीवनपद्धती असं म्हटलं. त्या खटल्यात उमेदवाराची निवडणूक रद्दच राहिली, हे मात्र कुणी सभेत सांगत नाही.

युरोपात या पळवाटेवर कळस चढला तो 2011 ला. इटलीतल्या वर्गांतल्या क्रूसाविरुद्ध एक आई स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयात 2009 साली जिंकली होती. मोठ्या पीठापुढे ती 15 विरुद्ध 2 अशी हरली. न्यायालय म्हणालं, क्रूस हे मुळात निष्क्रिय चिन्ह आहे, प्रवचनाइतका त्याचा मुलांवर परिणाम होत नाही. सरकारने जल्लोष केला! आपल्या देवाचं काही चालत नाही, हे कोर्टात मान्य झाल्याचा आनंद भक्तांना झाल्याची इतिहासात दुसरी नोंद नसावी.

त्याच इटलीत 2019 च्या प्रचारात मातेओ साल्विनी यांनी मिलानच्या सभेत जपमाळेचं चुंबन घेतलं. त्यांचाच लीग पक्ष 1996 ला, उंबेर्तो बोस्सी यांच्या काळात, पो नदीच्या उगमाचं पाणी कुपीत भरून व्हेनिसला वाजतगाजत नेत होता. तेव्हा दैवत नदी होतं. पक्ष तोच, देव्हारा फिरता.

पण सगळ्यांवर कडी हंगेरीची. जून 2018 मध्ये व्हिक्टर ओर्बान सरकारने सातवी घटनादुरुस्ती केली. देशाच्या ख्रिस्ती संस्कृतीचं रक्षण करणं प्रत्येक सरकारी यंत्रणेचं कर्तव्य ठरलं. आणि त्याच दुरुस्तीत, त्याच मतदानात, सार्वजनिक जागेत मुक्काम ठोकायला बंदी. त्यावर आलेल्या कायद्यानुसार रस्त्यावर झोपणाऱ्या बेघराला 90 दिवसांत तीन ताकिदी, पुढे कोठडीही. बेथलेहेमला धर्मशाळेत जागा न मिळालेलं ते जोडपं या कायद्यातून सुटलं असतं म्हणा. गोठा खासगी मालमत्तेत मोडतो.