पामर अण्णा

अण्णांइतका नम्र माणूस अख्ख्या जळगावात नाही. हे मला अण्णांनीच सांगितलंय, तीनदा.

दोन जिनिंग आणि तीन मजली घर, पण पत्ता सांगताना "गरिबाची झोपडी" म्हणतात. झोपडीला लिफ्ट आहे. कीर्तनाला गेले की मुद्दाम शेवटच्या सतरंजीवर बसतात आणि संयोजक हाताला धरून पुढे नेईपर्यंत "मी पामर, मला इथंच राहू द्या" असा धोशा लावतात. एकदा एका नव्या पोराने त्यांना खरंच तिथं राहू दिलं. पूर्वरंग संपायच्या आत अण्णांच्या छातीत कळ आली.

मुलगी धुळ्यात दिलीय. व्याही तोलामोलाचे, नम्रतेतसुद्धा. पांझरेकाठी एकवीरादेवीच्या गाभाऱ्यापाशी दोघं एकदमच पोचले. "आधी तुम्ही." "छे छे, मी कोण? आधी तुम्ही." मागं रांग तुंबली. तेवढ्यात डोक्यावर भाजीचं टोपलं घेतलेली एक बाई दोघांच्या मधून पुढं सरकली. ओझ्यापायी तिला वाकता येईना. मान ताठ ठेवूनच तिने हात जोडले, "माय, टोपलं खाले ठेवता येत नही, तू समजी ले," म्हणाली आणि बाजाराच्या वाटेला लागली.

"हल्ली लोकांना देवापुढं वाकायचं वळणच राहिलं नाही," अण्णा व्याह्यांना म्हणाले. व्याह्यांनी नम्रपणे मान डोलावली.

अण्णांचा खरा दिवस म्हणजे कार्तिकी एकादशी. आप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केलेला श्रीरामाचा रथ त्या दिवशी जुन्या जळगावातून निघतो. या थोरल्या लाकडी रथाला ना ब्रेक, ना सुकाणू. लोक दोर ओढतात आणि मोगरीवाले चाकाखाली लाकडी मोगरी सारून त्याला थांबवतात, वळवतात. त्यांचा सगळा दिवस चाकाशी कमरेत वाकून जातो. डोक्यावर साक्षात राम, पण मान वर करायची सोय नाही. नजर चुकली तर हात गेलाच म्हणून समजा.

गेल्या साली दाणा बाजारात अण्णांनी पांढऱ्याशुभ्र सदऱ्यानिशी रथापुढं साष्टांग दंडवत घातला. फोटोवाला आधीच ओट्यावर उभा होता. "अण्णा, चेहरा येत नाहीये, आणखी एक!" अण्णांनी नाक मातीतच ठेवून चेहरा थोडा वळवला.

"उठा हो अण्णा! मोगरी काय तुमना डोकाखाले लावू?" चाकाशी वाकलेला मोगरीवाला ओरडला.

अण्णा देवाच्या पायाशी. त्यांना ऐकू कसं जाणार? मोगरीवाल्याने शिवी गिळली आणि मोगरी सारली. कर्रकन आवाज करत रथ जागीच थबकला. अण्णा अंग झाडत उठले. मोगरीवाल्याने कंबर सरळ केली, घोटभर पाणी प्याला आणि मला म्हणाला, "राम समद्यासले चालाडस, रामले मी." बोलण्यात नम्रता औषधालाही नव्हती. लगेच पुन्हा वाकला.

रात्री रथ भिलपुऱ्यात लालशा बाबांच्या समाधीपाशी पोचला, तेव्हा अण्णा घरी फोटो निवडत होते. तो मातकट सदरा त्यांनी अजून धुवायला टाकलेला नाही. दिवाणखान्यात, आल्यागेल्याला समोरच दिसेल अशा खुंटीवर टांगलाय.