चोवीसवर ठेव!

औषधाच्या पाकिटावर मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत एक सूचना छापलेली असते : २५ अंशांच्या आत, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. ही सूचना लिहिणाऱ्यानं एखादा वैशाख आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या नातेपुत्यात काढलेला दिसत नाही. होळी पेटली की आमच्याकडे पंचवीस अंशांची जागा एकच उरते, ती म्हणजे फ्रिज. आणि ‘या गोळ्या फ्रिजात ठेवू नका’ असं औषधवाल्यानं बजावून सांगितलेलं असतं. मग घरोघरच्या रक्तदाबाच्या गोळ्या माठाच्या तिवईशेजारी जाऊन बसतात. तिथं अंधार मिळतो, गारवाही मिळतो. कोरडेपणाचं तेवढं जमत नाही. गोळीचे हे एवढे लाड, आणि ती गोळी खाणारी आजी बेचाळीस अंशांत, डोक्यावर पदर घेऊन, गच्चीवर कुरडया उलथत असते.

माणसानं किती अंशांत राहावं, हे आता सरकारनंही मनावर घेतलंय. १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे स्टार-लेबलवाले खोलीतले एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. सुरू केला की आधी चोवीस दाखवणार, पुढं तुमची मर्जी. एक अंश वर चढवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असा केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचा हिशेब आहे. २०२५ च्या जूनमध्ये ऊर्जामंत्री मनोहरलाल यांनी तर एसी वीसच्या खाली आणि अठ्ठावीसच्या वर जाऊच नये, असा नियम आणणार असल्याचं सांगितलं. त्या दिवशी चहाच्या गाड्यावर बातमीचा कीस पडला. एक जण म्हणाला, “वीसच्या खाली जायचंय कुणाला? लाईट राहिली तर चोवीसला येऊ की!”

आमच्या भागात एसी येण्याआधी खोलीच्या तापमानावरून भांडण झाल्याचं मला तरी आठवत नाही. याचा अर्थ सगळे सुखात होते असा नाही, उकाडा होताच. पण जुनं घर माळवदाचं असायचं. दोन-दोन फुटी मातीच्या भिंती, वर लाकडाचं छत आणि त्यावर पांढरीच्या मातीचा जाड थर, मध्ये उजेडाला एक साणं. अशा भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र पडते, आणि तोवर माणसं माळवदावर झोपायला गेलेली असतात. घर कुणी थंड करत नसे, माणसंच घरातल्या घरात हलत. सकाळी सोपा, उन्हं चढली की माजघर, दिवेलागणीला सडा मारलेलं अंगण, रात्री माळवद. पोरं दुपारी कॅनॉलवर, हे वेगळं सांगायला नको. म्हातारीला माजघरात कोंडल्यासारखं झालं तर ती उंबऱ्यात येऊन बसे. तिच्यासाठी माजघराचं तापमान बदलावं, असं तिच्याही मनात येत नसे.

मग स्लॅब आला. स्लॅबला मी नावं ठेवणार नाही, तो गळत नाही (निदान पहिली काही वर्षं). पण पाच इंचांचा हा थर दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळी सातपासून ते खाली सोडायला लागतो. त्याखाली फिरणारा पंखा म्हणजे गरम हवेची ढवळाढवळ. लोक वर चुना मारतात, संध्याकाळी बादल्यांनी पाणी ओततात, पत्र्याचं घर असेल तर पत्र्यावर उसाचं पाचट अंथरतात. आणि शेवटी, घरातली एक खोली निवडून तिथं एसी बसवतात. एक खोली! जे कुटुंब चार जागी पांगून सुखात होतं ते मे महिन्याच्या रात्री दहा बाय बारात एकत्र येतं, आणि सगळ्यांना मिळून एकच आकडा ठरवावा लागतो. नातवाला अठरा हवेत, सुनेला सव्वीस, आजोबांना पंखा एकवर आणि एसी बंद. मुलगा मधे पडतो : “चोवीसवर ठेव!” चोवीसवर ठेवलं की सगळे सारखेच नाराज होतात आणि मग झोप लागते.

या नाराजीला शास्त्राचा आधार आहे, हे मला बरंच उशिरा कळलं. डेन्मार्कच्या पी. ओ. फांगर यांनी माणसांना बंद खोल्यांत बसवून, ‘आता कसं वाटतंय?’ विचारून विचारून सुखाचं एक सूत्र काढलं आणि १९७० मध्ये ते ग्रंथात मांडलं. हवेचं तापमान, भिंती-छतांचं तापमान, वारा, दमटपणा, अंगावरचे कपडे आणि चाललेलं काम, या सहा गोष्टी घातल्या की उणे तीन ते अधिक तीन या पट्टीवर उत्तर मिळतं. शून्य आलं की उत्तम. सूत्र जगभर चाललं, पण त्यात फांगर यांनी प्रामाणिकपणे एक कबुली दिलेली आहे : अगदी शून्य साधलं तरी शंभरातले पाच जण नाराजच राहणार. सहा माणसांच्या घरात पाच टक्के म्हणजे एका माणसाचा तिसरा हिस्साही होत नाही. आमच्याकडे हे प्रमाण निम्म्याच्या खाली कधी गेलेलं नाही. पण निदान डेन्मार्कमध्येही सगळे खूश नसतात, एवढा दिलासा पुरे आहे.

त्या सहा गोष्टींतली दुसरी, भिंती-छतांची, स्लॅबवाल्यांनी जरूर ध्यानात घ्यावी. रिमोटवर चोवीस दिसतात ते हवेचे. डोक्यावरचा स्लॅब तापलेला असेल तर तो आपली ऊब सरळ अंगावर टाकत राहतो, हवेला न विचारता. ‘चोवीसवर आहे तरी कसं उकडतंय?’ या प्रश्नाचं उत्तर रिमोटमध्ये शोधू नये, वर बघावं.

सुनेच्या सव्वीसचंही कोडं थोडंफार सुटलेलं आहे. २०१५ मध्ये नेदरलँड्सच्या दोन संशोधकांनी दाखवून दिलं, की कचेऱ्यांचं तापमान ज्या जुन्या आकड्यांवर ठरवलं जातं त्यांत गृहीत धरलेला माणूस चाळिशीचा, सत्तर किलोचा पुरुष आहे. बायकांच्या शरीरात तयार होणारी उष्णता त्यामुळे जास्त धरली जाते. बँकेत भर मे महिन्यात काउंटरमागच्या बाई स्वेटर घालून पासबुक छापून देतात आणि बाहेर डांबर वितळत असतं, त्यामागं हा सत्तर किलोचा गृहस्थ आहे.

मला स्वतःला पटलेलं गणित मात्र आपल्याकडचं आहे. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं भारतातल्या वेगवेगळ्या हवामानांत, प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसांना विचारून एक हिशेब मांडला, आणि २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेनं तो घेतला. खिडक्या उघड्या, एसी नाही, अशा इमारतीसाठी बाहेरच्या गेल्या काही दिवसांच्या सरासरी तापमानाला ०.५४ नं गुणायचं आणि १२.८३ मिळवायचे. जे येईल तेवढ्यात तिथला माणूस बरा असतो. नातेपुत्याच्या मे महिन्याची दिवसरात्र मिळून सरासरी चौतीस धरा, उत्तर येतं एकतीसच्या थोडं वर. थंडीत सरासरी वीस धरली तर साडेतेवीस. म्हणजे तोच माणूस, तीच खोली, पण मार्गशीर्षात साडेतेवीसला जे बरं वाटतं ते वैशाखात एकतीसला वाटतं. शरीर बाहेरच्या ऋतूकडे बघून आपली मागणी ठरवतं. कागदावर हे वाचून मी आजीला ऐकवलं. ती म्हणाली, “त्यात काय एवढं?”

तिच्याकडे स्वतःची उपकरणं आहेत. विरजण लावलं की दही किती वेळात लागतं यावरून ती ऋतू सांगते. थंडीत पातेल्याला टॉवेल गुंडाळते आणि उन्हाळ्यात चार तासांच्या वर विसरलं तर आंबट झालं म्हणून स्वतःलाच बोल लावते. दुसरं उपकरण खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल चोवीस अंशांच्या आसपास गोठतं. सरकारनं निवडला तोच आकडा! बाटली उपडी केल्यावर तेल आलं नाही की आमच्याकडे थंडी सुरू झाली, आणि बाटली बंबाच्या कडेला ठेवायची वेळ आली. आमचा एसी चोवीसवर लावून तीच बाटली रात्रभर खोलीत ठेवली, तर सकाळी तेल धड पातळ नव्हतं, धड घट्ट नव्हतं. घरातल्या माणसांचंही तेच झालेलं होतं.

मुंबईचे पाहुणे हा वेगळा विषय. त्यांच्याकडे तेहतीस अंश असतात आणि सदरा पिळून काढावा लागतो. इथं बेचाळीस ऐकून ते घाबरतच उतरतात आणि दुसऱ्या दिवशी म्हणतात, “ऊन भाजतंय, पण घाम कुठं येतोय?” येतो; कोरड्या हवेत तो दिसायच्या आत वाळतो, आणि वाळताना अंग निववतो. याच कारणानं आमच्याकडे पाण्याचा कूलर राजा आहे आणि मुंबईत तो नुसती दमट हवा तोंडावर मारतो. पाहुण्यांना कूलरसमोर बसवलं की ते तासभर गप्प असतात.

तापमानाची खरी परीक्षा मात्र आषाढवारीत होते. माउलींची पालखी बरडहून निघते, धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते आणि नातेपुत्याला मुक्कामाला येते. त्या रात्री तंबू भरतात, शाळा भरतात, घरांचे सोपे भरतात. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅटची उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे हॉलमध्ये बसलेले तीस वारकरी हा तीन हजार वॅटचा हीटर झाला. पंखे दोन, त्यांतला एक कुरकुरणारा. फांगर यांच्या पट्टीवर उत्तर चांगलंच अधिकात यावं. पण नऊच्या आत सगळा हॉल घोरत असतो. सूत्रात ‘काम’ हा रकाना आहे, दिवसभर चालून आलेल्या पायांचा नाही.

गेल्या वारीत आमच्या शेजाऱ्यांनी मोठ्या हौसेनं एका वयस्कर वारकरी जोडप्याला एसीची खोली दिली. चोवीसवर लावून, रिमोट हातात देऊन, दार ओढून घेतलं. मध्यरात्री दार वाजलं. बाबा वाकळ काखेत मारून सोप्यात आले होते. शेजारी ओशाळून विचारायला लागले, काय कमी पडलं का? “काय बी नाही, माउली,” बाबा म्हणाले, “पर आत तुम्ही माघ लावलाय. मला आपलं आषाढातच झोपू द्या.” आणि भिंतीकडेला वाकळ अंथरून आडवे झाले.

कारभारीण मात्र उठली नाही. दोन सोलापुरी चादरी ओढून ती माघातच पहाटेपर्यंत गाढ झोपली होती.