पाहिजे : एक अस्सल दुःख

शेजारच्या चिरंजीवांचं इंजिनिअरिंग पूर्ण झालं, म्हणजे आता ते सिनेमा लिहायला मोकळे. रीतच आहे ती. पटकथालेखनाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी लॉस एंजेलिसला अर्ज धाडायचे ठरले आहेत. लॉ कॉलेज रोडवर १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे, हे मी सुचवून पाहिलं. पण जिथे रिक्षाने जाता येतं ते शिक्षण कसलं, असा घरातला एकूण सूर दिसला.

अर्जासोबत लेखनाचा नमुना द्यावा लागतो. कुठे आख्खी पटकथा मागतात, कुठे दोन माणसांचा एखादा प्रसंग. टाइप कुरिअर, बारा पॉइंट. डावीकडे दीड इंच समास. का, तर पानांना तीन भोकं पाडून पितळी पिना ठोकायची हॉलिवूडची पद्धत. आता सगळा कारभार पीडीएफवर चालतो, तरी पिनेची जागा सोडायचीच. (सोवळं फक्त आपल्याकडेच असतं असं कुणी समजू नये.)

पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. चिरंजीवांच्या पहिल्या खर्ड्यात पाहुणे 'निघतो आता' म्हणून उठतात, चपला घालतात आणि दारातच बोलत राहतात. अकरा पानं! मी तर म्हणेन, आटोपशीर लिहिलंय. आमच्या सोसायटीत निरोपाला पाऊण तास लागतो. आठव्या पानावर पाहुणीला डबा परत द्यायचा राहिल्याचं आठवतं आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून यजमानीण पुन्हा आत जाते, तिथे मी मोठ्याने हसलो.

सल्लागार हसले नाहीत. परदेशी प्रवेशाचे हे सल्लागार तासावर पैसे घेतात, त्यामुळे हसणं त्यांना परवडत नसावं. "यात भारत कुठाय?" त्यांनी विचारलं.

"दारात," मी म्हणालो. पण मी फुकट बोलत होतो.

आता पटकथेत एक विधवा आहे, एक हातमाग आहे आणि पहिल्या पानापासून पाऊस आहे. चिरंजीवांनी हातमाग एकदाच पाहिलाय, साडीच्या दुकानात, काचेपलीकडे.

नमुन्याचं एकवेळ जमेल. खरी पंचाईत निबंधाची. आयुष्यातला सगळ्यात खडतर प्रसंग सांगा, अशा धर्तीचा प्रश्न हटकून असतो. त्यासाठी रविवारी घरची बैठक बसली, शेजारधर्म म्हणून मलाही बोलावणं आलं. बारावीला दोन गुण कमी पडले होते, असं बाबा म्हणाले. चौथीत कांजिण्या, असं आईने सुचवलं. चिरंजीव म्हणाले, "अगं आई, याला कोण घेणार आत?" माउलीचा चेहरा उतरला. मुलाला काही कमी पडू दिलं नाही, हा तिचा इतकी वर्षं अभिमान होता. त्या दिवशी तो गुन्हा ठरला.

शेवटी आजी पुढे सरसावल्या. "माझा पानशेतचा पूर घे," त्या म्हणाल्या. १२ जुलै १९६१. धरण फुटलं, नदीकाठची पेठ पाण्यात, घरातली भांडी वाहून गेली. "घे रे. मला आता काय करायचाय?"

दागिने मोडून नातवाला परदेशी धाडणाऱ्या आज्या ऐकून होतो, पूर मोडणारी प्रथमच पाहिली. सल्लागारांनी तोही उलटून-पालटून पाहिला. माल उत्तम आहे म्हणाले, फक्त अर्जदाराचा जन्म त्यानंतर चाळीस वर्षांनी झालाय.

मॅट्रिकला गणिताने अडवलेले ग. दि. माडगूळकर 'दो आँखें बारह हाथ' लिहून गेले, शाळा अर्ध्यावर सोडलेल्या तेंडुलकरांनी 'अर्धसत्य'ची पटकथा लिहिली. या अर्जात दोघेही पदवीच्या रकान्यातच अडकले असते. शिफारसपत्रांचं तर नावच नको.

अर्जांची मुदत नोव्हेंबर-डिसेंबरात संपते. तरी वाचकांपैकी कुणाच्या घरी वापरात नसलेलं, बऱ्या अवस्थेतलं दुःख पडून असेल, तर सदराच्या पत्त्यावर कळवावं. २००० नंतरचं असावं, पाचशे शब्दांत बसावं. कांजिण्या नकोत.