बिनस्टेअरिंगचे तात्या

एसटीतून निवृत्त झालेला ड्रायव्हर घरी येतो, पण त्याचा उजवा पाय येत नाही. तो ब्रेकवरच राहतो. उमापूरच्या तात्यांना कुणाच्याही मोटारसायकलवर मागे बसवा. समोर शेळी दिसली की त्यांचा पाय हवेत दाबला जातो आणि गाडी चालवणाऱ्याच्या पिंढरीला पंप शू लागतो. "मारला का नाही ब्रेक? मी मारला तवा थांबली." गावातली निम्मी पोरं तात्या हात करताना दिसले की रस्ता बदलतात.

तात्या म्हणजे एकच माणूस नव्हे. गेवराईपासून शेवगावपर्यंत ज्या फाट्यावर चहाची टपरी आहे, तिथे असा एक तात्या सापडतोच. 25 वर्षे विनाअपघात गाडी चालवल्याचा बिल्ला त्याच्याकडे असतो. लग्नातला फेटा एक वेळ हरवेल, बिल्ला हरवणार नाही. 1 जून 1948 ला पहिली एसटी नगरहून पुण्याला गेली, हे तो असं सांगतो, जणू ती डेपोतून काढून यानंच दिली. त्या साली तात्यांचा जन्मही झालेला नव्हता, पण एवढ्या तपशिलात शिरायचं नसतं.

दिवाळी सरली की तात्यांचा खरा हंगाम सुरू होतो. जायकवाडीच्या उजव्या कालव्याने तालुक्यात ऊस आणला आणि उसाने रस्त्यावर दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आणला. पुढे टेपचा दणदणाट, मागे अंधार. लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला, आणि ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंनी हात-हातभर बाहेर आलेलं वाढं. रात्री मागून येणाऱ्याला ट्रॉली दिसते ती धडकल्यावरच. तात्या टपरीसमोर हात आडवा करतात. हातात एक फडकं. ड्रायव्हर खाली वाकून विचारतो, "काय तात्या, ऊस पाहिजे का?" तात्या फडकं पुढे करतात. "मागं जा, पूस. आन् पाणी तुपल्या बाटलीतलं घ्यायचं." पोरगा कुरकुरतो, कारखान्यावर नंबर लागायचाय म्हणतो, आणि पुसतो. अधिकारी हंगामाच्या सुरुवातीला येऊन रिफ्लेक्टर चिकटवून, फोटो काढून जातात. ते पुसायचं खातं मात्र सरकारात अजून निघालेलं नाही.

गतिरोधक हा त्यांचा दुसरा जिव्हाळ्याचा विषय. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी संतापलेलं गाव रस्त्यावर मुरमाचा बांध घालतं. गतिरोधक कसा असावा याचं माप ठरलेलं आहे : उंची 10 सेंटिमीटर आणि रुंदी 3.7 मीटर, म्हणजे गाडी हळूच चढून हळूच उतरावी. आमच्याकडे उंची दुप्पट आणि रुंदी नांगराच्या तासाएवढी. जीपचं चेंबर फुटतं, बाळंतिणीचे हाल होतात, आणि ज्याच्यासाठी हा बांध घातला तो बुलेटवाला कडेच्या फटीतून सायलेन्सरचे फटाके वाजवत निघून जातो. तात्या पावलांनी माप घेऊन सरपंचांना सुनावतात. पुढच्या बांधालाही कुणी त्यांना विचारत नाही.

अल्पवयीन पोराच्या हाती गाडी दिली तर 2019 च्या दुरुस्तीनंतर पालकाला 25 हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. ही माहिती गावात सगळ्यांना आहे आणि भीती कुणालाच नाही. कारण दंड करणारा साहेब पोराला ओळखत नाही. तात्या ओळखतात. दहावीतलं पोरगं ट्रिपल सीट कट मारत गेलं, की तात्या त्याला काही बोलत नाहीत. संध्याकाळी पारावर, चारचौघांत, त्याच्या बापाला विचारतात, "पोरगं लई जोरात जातंय. उसनवारीवाले मागं लागलेत का काय?" बाप घरी जाऊन किल्ली कपाटात टाकतो. पावती न फाडता वसूल झालेला हा दंड कुठल्याच आकडेवारीत येत नाही. माझ्या मते जिल्ह्यात सर्वांत जास्त वसुली याच दंडाची होते.

एका बाबतीत मात्र तात्या चेष्टा खपवून घेत नाहीत. कुणाच्याही कारमध्ये मागे बसले तरी आधी पट्टा लावतात. 3 जून 2014 ला दिल्लीत गोपीनाथ मुंडे गेले, तेही कारमध्ये मागेच बसले होते. पुढे 14 ऑगस्ट 2022 ला पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर विनायक मेटे गेले. या जिल्ह्याने दोन नेते रस्त्यावर गमावले. गाडीच्या काचेवर नेत्याचा फोटो आणि पट्टा सीटखाली दाबलेला, असा कुणी दिसला की तात्या फोटोकडे बोट करतात आणि खाली उतरून दार लावतात. अशी दोन-तीन लग्नं त्यांची हुकली आहेत.

परवा एका कॉलेजच्या पोराने त्यांना बरोबर पकडलं. पोराच्या डोक्यावर हेल्मेट, मागे तात्या नुसत्या गांधी टोपीवर.

"तात्या, मागं बसणाऱ्यालाबी हेल्मेट लागतंय. कायद्यात हाय."

तात्यांनी टोपी नीट केली. "मला कायदा शिकवतो व्हय? समोर बघ, शेळी आली!"

शेळी नव्हती. पण पोराच्या पिंढरीला पंप शू लागायचा तो लागलाच.